आधी गाडी मोजा, मग शेड बांधा

गेल्या हिवाळ्यात माणगावजवळच्या एका कारागीर बांधवाने आमच्यापुढे वहीचे एक पान ठेवले. पानावर पट्टीने आखलेला चौकोन होता, आत '३० बाय ४०' असे आकडे, पुढच्या बाजूला 'शटर' असा शब्द आणि खाली पत्र्याचा चालू भाव. हा बांधव पंधरा वर्षे आखातात गाड्यांच्या बॉडीचे काम करून परतला आहे. तिकडे त्याने मोटारीमागे जोडून न्यायचे कॅरॅव्हॅन ट्रेलर बांधले, दुरुस्त केले. आता गावाकडच्या रस्त्याला लागून असलेल्या पावणेचार गुंठ्यांत शेड घालून तेच काम येथे करायचे आणि गिऱ्हाइकांचे ट्रेलर हंगाम नसेल तेव्हा भाड्याने सांभाळायचे, असा त्याचा बेत आहे. "चाचा, भाव वाढायच्या आत पत्र्याची ऑर्डर देऊन टाकतो," तो म्हणाला.

आम्ही त्याला एकच विचारले, "तुझ्या शेडमध्ये येणारी सर्वांत उंच गाडी किती फुटांची असेल?"

त्याला सांगता आले नाही. पंधरा वर्षे ज्या गाड्यांवर हात चालवला त्यांची उंची त्याने कधी मोजली नव्हती, कारण शेड मालकाची होती आणि गाडी आत कशी येते ही मालकाची चिंता होती. आपल्या कारागिरांचे बहुतेक असेच होते. हुनर पक्के असते, पण ज्या छताखाली ते चालायचे त्याचा हिशेब दुसऱ्याने केलेला असतो. स्वतःची शेड बांधायची वेळ आली की आपण पत्र्याच्या भावापासून सुरुवात करतो. खिशात किती आहेत, तेवढ्यात किती चौरस फूट बसते, असा उलटा हिशेब मांडतो. आमचे म्हणणे असे की सुरुवात गाडीपासून झाली पाहिजे. गाडी, मग तिच्याभोवती फिरणारा माणूस, मग दार, मग भिंत, आणि पत्रा सर्वांत शेवटी.

हा धंदा आपल्याकडे नवा आहे, तरी त्यातले काम आपल्या लोकांना नवे नाही. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २००९ मध्ये काढले, महाराष्ट्र सरकारने आपले धोरण २०२१ मध्ये मंजूर केले. सरकारी धोरणावर भरवसा ठेवून कोणी कर्ज काढावे, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. पण चाकांवरची खोली म्हटली की तिला चेसिसचा वेल्डर लागतो, ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवणारा लागतो, प्लायवूडचे कपाट करणारा सुतार, गादी शिवणारा, वायरिंग करणारा आणि नळ जोडणारा लागतो. ही सारी कामे आपल्या मोहल्ल्यांतून होत आली आहेत. चहा-नाश्त्याचे आणि केटरिंगचे ट्रेलर बांधणारे तर आज गावोगाव आहेत. तेव्हा शेडचा प्रश्न एका माणसाचा नाही.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही आमची शेड घातली तेव्हा मिस्त्रीला सांगितले, भिंत बारा फूट. बारा फूट म्हणजे पुष्कळ झाले, असे आम्हाला वाटले. पुढे एका केटरिंगवाल्याचा स्वयंपाकाचा ट्रेलर आत कपाटे बसवायला आला. जून महिना, मगरिबची वेळ, आभाळ भरलेले. ट्रेलर मागे घेतला आणि छतावरची धुराडी शटरच्या पेटीला ठेकली. चाकांची हवा काढली, दोन-अडीच इंच मिळाले, तरी गाडी आत जाईना. रात्रभर ती ताडपत्रीखाली बाहेर उभी राहिली. ताडपत्री वाऱ्याने सुटली आणि आम्ही आदल्याच आठवड्यात बसवलेल्या ओट्याखालच्या सहा कपाटांचे प्लाय फुगले. ती कपाटे आम्ही पदरच्या पैशांनी पुन्हा केली.

सकाळी शटरवाल्याला बोलावून भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही बारा फुटांची भिंत दिली, मी बारा फुटांत शटर बसवले." त्याचे बरोबर होते. शटर वर गुंडाळले की त्याचा गोळा आणि पेटी दीड-दोन फूट जागा खातात. भिंत बारा फूट असली तरी गाडीला मोकळी वाट दहा फूट दोन इंच राहिली होती. भिंतीची उंची आणि दाराची मोकळी उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही सहा कपाटांच्या किमतीत शिकलो.

म्हणून माणगावच्या त्या बांधवाला आम्ही पहिले काम दिले ते फीत घेऊन मोजण्याचे. ओळखीच्या एका मालकाचा ट्रेलर त्याने जाऊन मोजला. मालकाने सांगितले होते, अठरा फुटी ट्रेलर. खोली अठरा फुटांचीच निघाली, पण पुढे मोटारीला जोडायचा जो त्रिकोणी दांडा असतो, तो धरून टोकापासून टोकापर्यंत लांबी बावीस फूट भरली. विकणारा खोलीचे माप सांगतो, शेडला पूर्ण माप लागते. रुंदी साडेसात फूट. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहन २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत रुंद असू शकते, तेव्हा उद्या त्याहून रुंद गाडी येईल हे धरूनच चालावे. छताची उंची साडेनऊ फूट, छतावरच्या एअर कंडिशनरसह साडेदहा. शिवाय एका अंगाला बाहेर उघडणारे दार आणि त्यावर गुंडाळलेली कापडी पडवी. हे दार पूर्ण उघडून, त्यातून कपाट बाहेर काढून दोन माणसांना वळता आले पाहिजे. नाहीतर शेड असूनही कपाटाचे काम रस्त्यावर येते.

यावरून दाराची मोकळी वाट बारा फूट उंच व दहा फूट रुंद पाहिजे. शटरचा गोळा धरून त्या भागातली भिंत पंधरा फूट जाते. एवढी उंची ऐकून तो बांधव दचकला. उंची म्हणजे खर्च, ही समजूत आपल्यात पक्की आहे. आम्ही त्याला त्याच्याच पानावर हिशेब करून दाखवला. तीस बाय चाळीसच्या शेडचा घेर एकशे चाळीस फूट. भिंत दोन फूट उंच केली तर जास्तीचा पत्रा लागतो दोनशे ऐंशी चौरस फूट, आणि खांब तेवढेच लांब होतात. पाया तोच, कोबा तोच, बाराशे चौरस फुटांचे छप्पर तेच, मजुरीही फारशी वाढत नाही. कोकणच्या वाऱ्यात खांब थोडे जाड घ्यावे लागतील, ते इंजिनिअरला विचारावे. पण हीच दोन फूट उंची पाच वर्षांनी वाढवायची झाली तर सगळे छप्पर उतरवावे लागते. बांधताना सर्वांत स्वस्त मिळणारी आणि नंतर सर्वांत महाग पडणारी वस्तू उंची आहे.

उंचीचे आणखी एक कारण आहे. ट्रेलर गळतो तो बहुधा छतातून, सांध्यांतून आणि खिडकीच्या झडपांतून. ते काम करणारा माणूस छतावर गुडघे टेकून बसतो. त्याचे डोके कैचीच्या अँगलला लागत असेल तर तो घाईने काम करील आणि गळती पुढच्या पावसाळ्यात परत येईल.

आता गाडी आत कशी येणार, हे पाहू. येथे आपले लोक सर्वांत जास्त चुकतात. ट्रेलर स्वतः चालत नाही. मोटार पुढे, ट्रेलर मागे, अशी जोडी उलटी ढकलत आत घ्यावी लागते आणि मागे घेताना ट्रेलर चालकाने स्टिअरिंग फिरवले त्याच्या उलट बाजूला जातो. वाकड्या वाटेने तो आत घालणे हे रोजच्या चालकालाही जड जाते. त्या बांधवाचा तुकडा पन्नास फूट रुंद आणि ऐंशी फूट खोल आहे. मागे पाच फूट मोकळे सोडून चाळीस फूट खोलीची शेड घातली, तर पुढे अंगण उरते पस्तीस फुटांचे. बावीस फुटांचा ट्रेलर आणि पंधरा फुटांची मोटार मिळून सदतीस फूट. म्हणजे गाडी शेडच्या तोंडाशी सरळ केली की मोटारीचे नाक रस्त्यावर. प्रत्येक वेळी एस.टी. आणि ट्रक थांबवून गाडी आत घ्यायची, आणि एक दिवस कोणी थांबणार नाही.

शेडची खोली आम्ही बत्तीस फुटांवर आणायला लावली. पुढे त्रेचाळीस फूट मिळाले. ट्रेलरला बत्तीस फूट पुरतात, पुढे चार फूट, मागे सहा फूट राहतात. फाटक आणि शटर एका रेषेत घ्यायला सांगितले. जी आठ फूट खोली कमी केली, ती रुंदीत मिळवली. बत्तीस फूट खोल आणि चाळीस फूट रुंद, म्हणजे बाराशे ऐंशी चौरस फूट. क्षेत्रफळ नावाला वाढले, पण शेड वापरण्याजोगी झाली. जोते रस्त्यापेक्षा दीड फूट उंच ठेवावे, कोकणात त्याला पर्याय नाही. मात्र चढ सपाट ठेवावा, दहा फुटांना एक फुटाहून जास्त नको. ट्रेलरचा मागचा भाग चाकांच्या पुष्कळ मागे लोंबतो. चढ उभा असला की शेपूट जमिनीला घासते आणि पाण्याच्या टाकीचा नळ तुटतो.

आखातात शिकलेली एक गोष्ट मात्र त्याला विसरावी लागली. तिकडची शेड उन्हापासून वाचण्यासाठी असते. जवळजवळ सपाट छप्पर आणि सताड उघडे तोंड. त्याचा रस्ता पश्चिमेला आहे, म्हणून शटरही पश्चिमेला. नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस नेमका त्याच बाजूने झड मारतो. आपल्या वाडवडिलांनी पश्चिमेच्या पडवीला पावसाळ्यात झापे बांधली ती हौसेने नव्हे. रस्ता फिरवता येत नाही, तेव्हा शटरवर सहा फुटांचा पत्र्याचा पाखा आणि उंबऱ्याच्या पुढे आडवी जाळीची नाली, असा तोडगा काढला. छपराला पाच फुटांना एक फूट उतार. आतल्या कोब्यालाही दाराकडे किंचित उतार द्यावा, कारण ट्रेलर धुतल्यावर पाणी बाहेर गेले पाहिजे.

कामाच्या भागाची रुंदी माणसांवरून ठरत नाही, मालावरून ठरते. प्लायवूड आठ बाय चार फुटांचे येते. करवतीच्या मेजावर आठ फुटांचे पान सारायचे तर अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. मेजासकट ती रेषा एकोणीस फुटांची झाली. लोखंडी व ॲल्युमिनियमचे पाइप सहा मीटरचे, म्हणजे वीस फुटांचे. ते आणून फळीवर ठेवायचे आणि तेथून कापायच्या मशीनवर घ्यायचे, वाटेत ट्रेलरची काच न फोडता. आम्ही कितीतरी कारखान्यांत पाहिले की पाइप मावत नाहीत म्हणून रस्त्यावरच अर्धे कापतात, आणि मग लांब तुकडा लागला की जोड मारतात.

म्हणून शेडचे तीन पट्टे आखले. मधला पंधरा फूट रुंद आणि उंच, त्यात कामावरचा ट्रेलर. त्याच्या दक्षिणेला तेरा फुटांचा कमी उंचीचा पट्टा, मधे भिंत नाही. येथे करवत, मेज, पाइपची फळी आणि वर हलक्या मालाचा माळा. ट्रेलरचे दार या पट्ट्याकडे उघडेल असा तो उभा करायचा, म्हणजे कपाट निघाले की दोन पावलांवर मेज. उत्तरेला बारा फुटांचा पट्टा, सांभाळायला ठेवलेल्या ट्रेलरसाठी. त्याला शटरऐवजी दोन पानांचे पत्र्याचे दार, म्हणजे गोळ्याची उंची वाचते. गाडीखाली काम करायला खड्डा घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. तो आम्ही मोडून काढला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, थिनरची वाफही जड. गळती झाली तर दोन्ही खड्ड्यात साचतात आणि वर वास येत नाही. ट्रेलर हलका असतो, तो घोड्यांवर उचलून खालचे काम होते.

उत्तरेचा पट्टा आणि मधला पट्टा यांच्या मधे काय असावे, यावर मात्र आमचा आणि त्या बांधवाचा खरा वाद झाला. तो म्हणाला, साखळी लावतो. आम्ही म्हणालो, नऊ इंची विटांची भिंत, जोत्यापासून छपरापर्यंत, आणि तिच्यात दार नको.

एका बाजूला वेल्डिंग आहे, ग्राइंडरची ठिणगी वीस-पंचवीस फूट उडते, भुसा आहे, थिनर आहे, गादीचा फोम आहे. दुसऱ्या बाजूला परक्याची गाडी आहे, जिच्या आत प्लाय, फोम आणि पडदे आहेत आणि बाहेर बॅटरी व गॅसची टाकी. ठिणगी भुशात पडून दोन-तीन तास धुमसत राहते आणि कारखाना बंद झाल्यावर पेट घेते. फोम जळताना जो धूर निघतो तो विषारी असतो, माणूस ज्वाळा पोहोचायच्या आधीच पडतो. भिंत पत्र्याची असली तर ती तापून पलीकडचे पेटवते. विटांची असली पण वर दोन फूट 'हवेसाठी' सोडलेली असली, तर आग त्या फटीतून जाते. आपल्याकडे ही फट सोडायची रीतच आहे. भिंत पत्र्याला भिडली पाहिजे, शक्य तर पत्र्याच्या वर फूटभर निघाली पाहिजे.

गिऱ्हाईक चार महिन्यांसाठी गाडी ठेवून किल्ली आपल्या हातात देते, ती अमानत आहे. तिच्या शेजारी उघड्यावर वेल्डिंग करणे हा निव्वळ धंद्यातला निष्काळजीपणा नव्हे. अनेकांना हेही ठाऊक नसते की स्वतःच्या मालाची आगीची पॉलिसी गिऱ्हाइकाच्या गाडीला आपोआप लागू होत नाही. ताब्यातला परका माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो. विमा घ्यावा की घेऊ नये, यावर समाजात मतभेद आहेत आणि तो प्रश्न या पानावर सुटणारा नाही. घेणाऱ्याने एवढे वाचून घ्यावे, न घेणाऱ्याने भिंत अधिक जाड घालावी.

आणि माळा. आखातातून आलेल्या आमच्या बांधवाने माळ्यावर दोन खाटा आखल्या होत्या, बिहारहून येणाऱ्या दोन पोरांसाठी. त्याने हे वाईट हेतूने केले नव्हते, पोरांचे खोलीभाडे वाचावे एवढेच त्याच्या मनात होते. आपल्या निम्म्या कारखान्यांत हेच चालते आणि मालक कौतुकाने सांगतो की पोरे घरच्यासारखी राहतात. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर डिसेंबर २०१७ मध्ये फरसाणाच्या गाळ्याला पहाटे आग लागली, तेथे झोपणारे बारा कामगार गेले. वाळूजच्या एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्यात ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे सहा कामगार गेले, तेही आत झोपले होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मे २०२५ मध्ये टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्यांत कामगार होते, तसेच तेथेच राहणारे मालक आणि त्यांचे घरचे लोकही होते. म्हणजे मालक स्वतः आत राहत असला तरी वाचेलच असे नाही. शटर बाहेरून बंद, दुसरी वाट नाही, माल जिन्यात.

आम्ही त्याला सांगितले, खाटा खोड. पोरांसाठी अंगणाच्या कोपऱ्यात, शेडपासून सुटी, दहा बाय दहाची पक्की खोली बांध. पैसे नसतील तर करवतीचे मेज सहा महिन्यांनी घे. शेडला मागच्या बाजूला तीन फुटांचे एक माणसांचे दार ठेव, बाहेर उघडणारे, आणि ते आतून कुलपाशिवाय उघडले पाहिजे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली ज्या इमारती येतात, त्यांच्या मालकांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपली शेड त्यात येते का, हे अग्निशमन विभागाला आधी विचारावे. पण प्रमाणपत्राने आग विझत नाही. दाराजवळ भरलेले सिलिंडर, वाळूच्या चार बादल्या, आणि वेल्डिंग संपल्यावर तासाभराने एका माणसाने येऊन फेरी मारणे, एवढे तर कोणालाही करता येते.

सांभाळायला ठेवलेल्या गाडीचीही काही पथ्ये आहेत. गॅसची टाकी आत घ्यायचीच नाही, ती काढून बाहेर जाळीच्या पेटीत ठेवायची. बॅटरीची तार सोडायची. चार कोपऱ्यांच्या जॅकखाली लाकडी फळी द्यायची, नाहीतर कोब्याला खड्डे पडतात. चाकांना अडणी लावायच्या. भिंतीत खाली आणि वर जाळीचे झरोके ठेवायचे, कारण बंद ट्रेलरला कोकणात पंधरा दिवसांत बुरशी धरते. झरोक्याची जाळी बारीक पाहिजे. उंदराने एकदा वायरिंग कुरतडले की चार महिन्यांचे भाडे एका दिवसात जाते, आणि कोणती तार कोठे तुटली हे शोधणारा कारागीर भेटत नाही.

रंगकाम या शेडमध्ये करू नये, एवढेच सांगतो. विजेचे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे, थ्री फेज जोडणी आधी मंजूर करून मग मशीन घ्यावे. जमीन कोणत्या वापरासाठी आहे, आराखडा कोण मंजूर करतो, रस्त्यापासून किती अंतर सोडायचे, हे पत्र्याची ऑर्डर देण्यापूर्वी पाहावे. आपल्या लोकांचे बांधकाम पाडायला कोणी आले की आपण दुसरी कारणे शोधतो. कित्येकदा कारण साधे असते, आराखडा मंजूरच केलेला नसतो. ज्यांच्याकडे कागद पूर्ण आहे ते निदान ताठ मानेने भांडू शकतात.

यावर आम्हाला हमखास ऐकवले जाते की हे सारे पावणेचार गुंठेवाल्यासाठी ठीक आहे. कुर्ल्यात, भिवंडीत, मालेगावात ज्याच्याजवळ तीस बाय तीसचा गाळा आहे त्याने काय करावे? आमचे उत्तर त्याला आवडणार नाही. त्याने गाड्या सांभाळायचा धंदा करू नये. एक ट्रेलर घ्यावा, त्याचे काम संपवावे, तो मालकाच्या ताब्यात द्यावा, मग दुसरा घ्यावा. भाड्याचे चार पैसे दिसतात म्हणून कारखान्यात परक्याची गाडी कोंबली की काम करायला जागा राहत नाही आणि गाडीही सुरक्षित राहत नाही. दोन्ही धंदे एका छपराखाली चालतात, पण मधे भिंत पाहिजे. भिंतीला जागा नसेल तर दोहोंपैकी एक सोडावा.

पैसे कमी असतील तर टप्प्याने बांधता येते. सर्व खांबांचा पाया पहिल्याच वेळी घ्यावा, मधला उंच पट्टा पूर्ण करावा, दक्षिणेचा कामाचा पट्टा नुसत्या छपराने झाकावा. उत्तरेचा पट्टा दोन वर्षांनी. पण ती विटांची भिंत पहिल्या टप्प्यातच बांधावी, कारण पुढे पैसे आले की आपण आधी पत्रा घालतो आणि भिंत राहून जाते. आखातातली मिळकत एकदाच हातात येते. पंधरा वर्षे घरापासून लांब राहून जमवलेले पैसे अकरा फुटी शटरच्या शेडमध्ये अडकलेले आम्ही पाहिले आहेत. त्यांत आता फरशीवाला भाडेकरू बसला आहे आणि मूळ मालक पुन्हा व्हिसा शोधतो आहे.

त्या बांधवाने पत्र्याची ऑर्डर थांबवली. रमजानच्या आधीच्या एका शुक्रवारी आम्ही त्याच्या जागेवर गेलो. त्याने जमिनीवर चुन्याने पूर्ण शेड आखली होती. मधल्या पट्ट्यात ट्रेलर, त्याचे उघडलेले दार, करवतीचे मेज, वीस फुटांचा पाइप, भिंत, सारे चुन्याच्या रेघांत. खाटा नव्हत्या. त्याचा धाकटा भाऊ आणि तो वीस फुटांचा बांबू दोन टोकांना धरून रेघांमधून फिरत होते, कोठे अडतो ते पाहत. आत कोठेच अडला नाही. मग त्याने शेजाऱ्याची मोटार आणि मागे भाताचा रिकामा ट्रेलर जोडून फाटकातून मागे घेऊन पाहिला, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की फाटकाच्या डाव्या बाजूचा विजेचा खांब बरोबर वळणात येतो. पानावर तो कोणीच काढला नव्हता. फाटक सहा फूट उजवीकडे सरकवले तर शटरची रेषा चुकते, आणि शटर सरकवले तर विटांची भिंत ट्रेलरला लागते.

खांब हलवण्याचा अर्ज त्याने महावितरणकडे दिला आहे. तोपर्यंत पायाचे खोदकाम थांबले आहे.